पहिल्या पायरीचे मानकरी

१९८१च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांना अमेरिकन एअरलाइन्सचे पत्र आले. पत्रात एक खाते क्रमांक होता आणि ‘ॲडव्हान्टेज’ नावाच्या नव्या योजनेत तुमचे नाव नोंदवले आहे अशी वर्दी होती. त्यासाठी कोणी अर्ज केलेला नव्हता. कंपनीने आरक्षणाच्या ‘सेबर’ संगणकात पुन्हा पुन्हा येणारे फोन क्रमांक हुडकले, त्यांतून सर्वाधिक उडणारे एक लाख तीस हजार प्रवासी निवडले आणि विमानतळावरच्या ‘ॲडमिरल्स क्लब’चे साठ हजार सभासद त्यांत मिसळले. नाताळात घरी जाण्यापुरते विमानात बसणाऱ्याचा क्रमांक वर्षातून एकदाच उमटत होता. त्याला शोधायला संगणक जुंपलेलाच नव्हता. आज सिल्व्हर, ब्रॉन्झ अशा नावांनी मिळणारा सर्वांत खालचा दर्जा अधूनमधून प्रवास करणाऱ्याने मिळवावा का, हा प्रश्न लोक फायद्यांचा तक्ता समोर ठेवून सोडवतात: सामान किती किलो, रांग कुठली, आसन कुठले. पण तक्ता दर दोन वर्षांनी बदलतो. ही पायरी कोणासाठी आणि कशासाठी बांधली गेली याचा इतिहास पाहिला तर उत्तर अधिक टिकाऊ मिळते. ते असे, की हा दर्जा आपसूक पदरात पडला तर जरूर घ्यावा, त्यासाठी खिशातला एक रुपयाही जास्तीचा मोजू नये.

१९७८पर्यंत अमेरिकेत देशांतर्गत विमानभाडे सरकारी मंडळाच्या हातात होते. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने मान्यता दिल्याखेरीज कंपनीला ना भाडे उतरवता येई, ना नवा मार्ग उघडता येई. दोन कंपन्यांचे तिकीट एकाच किमतीला मिळत असेल तर गिऱ्हाईक ओढायचे ते पाहुणचारानेच. त्या चढाओढीत सत्तरच्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जम्बो विमानांत पियानोसुद्धा ठेवला होता. ॲडमिरल्स क्लब त्याहून जुना, १९३९मध्ये न्यू यॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू झालेला. कंपनीचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांची मर्जी ज्याच्यावर बसे तो ‘ॲडमिरल’. पुढारी, उद्योगपती, चित्रपटातली मंडळी यांना ते पद आमंत्रणाने मिळे. किती मैलांवर ते मिळेल याचे कोष्टक नव्हते. जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा हे गावाला ठाऊक असते आणि त्याची पावती कोणी मागत नाही, तसला तो मान होता. आपल्याकडे १९४६मध्ये एअर इंडियाच्या बॉबी कूका यांनी जे. वॉल्टर थॉम्पसनच्या मुंबई कचेरीतले चित्रकार उमेश राव यांच्याकडून महाराजा घडवून घेतला. तो येणाऱ्या प्रत्येक प्रवाशापुढे सारखाच वाकत असे. तिकीट परवडणारेच इतके थोडे होते, की प्रवाशांत उतरंड लावायची गरज कोणाला वाटली नसावी. त्याच महाराजाचे नाव अलीकडे एअर इंडियाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या क्लबाला दिले गेले, ही काळाची गंमत म्हणायची.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक मुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामागे बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष, अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांचा आग्रह होता. नव्या, स्वस्त कंपन्या उतरल्या, भाडी खाली आली आणि ज्याचे तिकीट स्वस्त त्याच्याकडे प्रवासी जाऊ लागला. जुन्या कंपन्यांना यातला एकच गिऱ्हाईक खरा मोलाचा होता: आयत्या वेळी तिकीट काढणारा, भाड्याची घासाघीस न करणारा कामाचा प्रवासी. तो घासाघीस करत नसे कारण पैसे त्याचे नसत. त्याच्या कंपनीला सूट दिली असती तर ती हिशेबाच्या वहीत विरून गेली असती. बक्षीस थेट त्याच्या नावावर जमा केले की मात्र तो दोनशे रुपयांऐवजी दोन हजारांचे तिकीटही आनंदाने काढणार. टेक्सास इंटरनॅशनल या छोट्या कंपनीने १९७९मध्ये मैल मोजून बक्षीस देऊन पाहिले होते. रॉबर्ट क्रँडल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सने त्याला संगणकाची जोड दिली. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना आणली, डेल्टा आणि टीडब्ल्यूए त्याच वर्षी मागोमाग आल्या.

खर्च एकाचा आणि बक्षीस दुसऱ्याला, ही या धंद्याची मेख आहे, आणि ती जिथे जिथे उघडी पडली तिथे वाद झाले. जर्मनीत २००२ साली सरकारी कामाच्या प्रवासातले मैल खासगी सहलींसाठी वापरल्याचे प्रकरण इतके पेटले, की बर्लिनच्या राज्य सरकारात अर्थव्यवस्थेचे खाते सांभाळणारे ग्रेगोर गीझी यांनी पद सोडले आणि ग्रीन पक्षाचे चेम ओझ्देमिर यांना पक्षातली जबाबदारी सोडावी लागली. अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी नोकरांना अशा प्रवासाचे मैल स्वतःकडे ठेवता येत नसत. तो नियम २००१च्या अखेरीस बदलला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या आयकर खात्याने असे मैल उत्पन्न म्हणून धरण्याच्या मागे लागणार नाही असे जाहीर केले. नॉर्वेने तर २००२ ते २०१३ या काळात देशांतर्गत उड्डाणांवर मैल देण्यालाच बंदी घातली, कारण नव्या कंपनीला बाजारात पाय रोवू न देण्याचे ते हत्यार आहे असे तिथल्या स्पर्धा नियंत्रकांचे मत होते. स्वतःच्या कमाईतून गावी, लग्नाला किंवा फिरायला जाणारा माणूस या साऱ्या भांडणांत कुठेच नाही. त्याच्या बाबतीत मेखच गळून पडते. जास्तीचे भाडेही तोच भरतो आणि बक्षीसही तोच घेतो. म्हणजे आपल्याच पैशातला थोडा भाग त्याला उशिराने परत मिळतो.

पायऱ्या आल्या त्या पुढच्या टप्प्यात. मैल वाटण्याची चढाओढ अंगाशी येऊ लागली होती. १९८८मध्ये डेल्टाने तिप्पट मैलांची टूम काढली आणि बाकीच्यांना तिच्यामागे जावे लागले. खिरापतीसारखे वाटलेले मैल आणि खरोखर उडलेले मैल यांत फरक करणे भाग होते. त्यातून दोन वह्या रुजल्या: एक फुकट तिकिटासाठी खर्च करायच्या मैलांची, दुसरी फक्त दर्जा ठरवणाऱ्या मैलांची. दुसरी वही दर वर्षअखेरीस कोरी होते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत दीर्घकाळ पहिली पायरी २५,००० मैलांवर राहिली. न्यू यॉर्क ते लॉस एंजेलिस अंतर २,४७५ मैल. वर्षात पाच वेळा जाऊन येऊनही माणूस थोडक्यात हुकतो. मुंबई–दिल्लीचे माप लावायचे तर अठरा फेऱ्या भरतात. एवढे उडणाऱ्याला कोणी हौशी प्रवासी म्हणणार नाही. या कोष्टकातून एकच वर्ग अनायासे सुटला. न्यू जर्सीत राहणारी, मुंबईला ये-जा करणारी मंडळी. नेवार्क ते मुंबई एका बाजूचे अंतर जवळपास ७,८०० मैल. एका वर्षात दोनदा घरी आले की सर्वांत स्वस्त तिकिटावरही सिल्व्हर. अंतर हेच माप होते तोवर दूर माहेर असलेल्यांवर या योजनेने न मागता मेहेरबानी केली. वर्षअखेर जवळ आली की केवळ मैल भरण्यासाठी जाऊन त्याच विमानाने परतण्याचा प्रकारही याच मापातून निघाला. त्याची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण दर्जाची किंमत दुसरा कोणी भरत असेल तर त्या वेडात हिशेब होता.

मग हा खालचा दर्जा लोकांना इतका हवासा कधीपासून वाटू लागला? त्याची तारीख बऱ्यापैकी नेमकी सांगता येते. २००८च्या उन्हाळ्यात खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढले. त्या वर्षीच्या जूनपासून अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर आकारायला सुरुवात केली. तोवर ती तिकिटातच धरलेली असे. इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. पाठोपाठ आसन निवडायचे पैसे आले, आधी चढायचे पैसे आले, आणि दर्जा असलेल्यांना या साऱ्यातून माफी मिळाली. म्हणजे सिल्व्हर कार्डाच्या फायद्यांत काही नवे पडले नव्हते. २००७मध्ये कोणालाही मिळणारी गोष्ट २००९मध्ये कार्डवाल्यालाच मिळू लागली, एवढेच. दर्जाचे मोल वाढले ते बिनदर्जाच्या प्रवाशाचे काढून घेतल्यामुळे. पुढे बॅगेचे भाडे ३५ डॉलरवर गेले. चौघांच्या कुटुंबाला जाऊन-येऊन २८० डॉलर म्हणजे लहान रक्कम नाही, आणि सोबतच्यांच्या बॅगाही माफ होतात, तेव्हा खालच्या दर्जाच्या बाजूने सांगण्यासारखा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पण त्याला तितकेच भक्कम उत्तर विमान कंपन्यांनीच देऊन ठेवले. विमान कंपनी आणि बँक यांच्या जोडीने निघणारी क्रेडिट कार्डे १९८०च्या दशकातच आली होती. बॅगेचे भाडे सुरू झाल्यावर त्या कार्डांवरही पहिली बॅग माफ करण्यात आली. वर्षाला शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास शुल्क भरले की जे मिळते, त्यासाठी पंचवीस हजार मैल उडण्याचे कारण उरत नाही. खालच्या दर्जाची खरी स्पर्धा या कार्डाशी आहे, आणि अधूनमधून उडणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक वेळा तो हरतो.

हे कंपन्यांना कळत नसेल असे समजू नये. ही पायरी त्यांना वेगळ्याच कामासाठी हवी असते. झेवियर ड्रेझ आणि जोसेफ न्यून्स या दोन विपणन-अभ्यासकांनी २००९मध्ये दाखवले, की वरच्या दर्जाखाली आणखी एक दर्जा उभा केला की वरच्यांना आपण अधिक उंच बसलो आहोत असे वाटते. दोनपेक्षा तीन पायऱ्यांची योजना सर्वांनाच जास्त समाधान देते, ज्यांना एकही पायरी गाठता येत नाही त्यांनासुद्धा, असेही त्यांना आढळले. त्याआधी, २००६मध्ये, याच दोघांनी मोटारी धुण्याच्या केंद्रावर एक प्रयोग केला होता. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड दिले आणि काहींना दहा शिक्क्यांचे, ज्यावर दोन शिक्के आधीच मारलेले होते. दोघांनाही आठच फेऱ्या करायच्या होत्या. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पुरे केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. सुरुवात करून दिली की माणूस शेवटाला न्यायला धावतो. पहिला दर्जा म्हणजे ते आधी मारलेले दोन शिक्के. तो देण्यात कंपनीला फार खर्च नाही, आणि पुढची पायरी दिसू लागली की प्रवासी स्वस्त, सोयीचे विमान सोडून ‘आपल्या’ कंपनीचे पकडू लागतो.

यावर काही आक्षेप येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा, की विमान रद्द झाले, जोडविमान चुकले, तर दर्जाचे वजन पडते. दोनशे माणसे एका खिडकीशी उभी असताना वेगळी रांग मोठा आधार असतो. वरच्या पायऱ्यांबाबत हे पुष्कळ खरे आहे. खालच्या पायरीबाबत नियमच वाचावेत. १९९७मध्ये स्थापन झालेल्या स्टार अलायन्समध्ये, ज्यात २०१४पासून एअर इंडिया आहे, भागीदार कंपनीच्या विमानात ‘सिल्व्हर’ला मिळते ते प्रतीक्षा यादीत अग्रक्रम आणि आयत्या वेळच्या आसनासाठी अग्रक्रम. बस्स. लाउंज, जास्तीचे सामान, आधी चढणे हे सारे ‘गोल्ड’पासून पुढे. स्वस्त तिकीट काढून ठरल्या दिवशी जाणाऱ्या माणसाला प्रतीक्षा यादीतल्या अग्रक्रमाचा उपयोग तो काय? दुसरा आक्षेप वरच्या वर्गात बढती मिळण्याचा. ती यादी वरच्या दर्जापासून खाली येते, त्यामुळे गर्दीच्या मार्गांवर सिल्व्हरच्या नावापर्यंत पोहोचेतो मोकळी आसने क्वचितच उरतात. तिसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: ज्याच्या गावातून एकच कंपनी सोयीने उडते त्याला निष्ठेची वेगळी किंमत मोजावी लागत नाही, मग दर्जा का घेऊ नये? जरूर घ्यावा. पण त्याने तो मिळवला असे म्हणण्यापेक्षा तो त्याच्या वाटेत पडला होता असे म्हणणे खरे. डॅलस, अटलांटा, नेवार्क अशा एकेका कंपनीच्या तळाशी राहणाऱ्यांचे अनुभव बाकीच्यांनी आपल्याला लावून घेऊ नयेत ते यासाठीच. राहिला समाधानाचा मुद्दा. नावापुढे एक शब्द लागला की बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त त्याची किंमत तिकिटागणिक किती पडते ते एकदा मांडून पाहावे. वर्षाला चार प्रवास करणाऱ्याने दर वेळी हजार रुपये जास्तीचे मोजले, तर ते चार हजार रुपये एखाद्याच आसनाच्या निवडीवर आणि थोड्या आखूड रांगेवर गेले. तीच आसने त्याहून कमी पैशांत सुटी विकत मिळतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत तर पायरीचे मापच बदलले. डेल्टाने २०१४पासून मैलांबरोबर खर्चाची अट घातली, सिल्व्हरसाठी २,५०० डॉलर. २०२३च्या सप्टेंबरमध्ये तिने जाहीर केले, की पुढच्या वर्षापासून मैल मोजायचेच नाहीत, फक्त खर्च, आणि सिल्व्हरला ६,००० डॉलर. इतका गदारोळ झाला, की मुख्याधिकारी एड बास्टियन यांना आपण फार पुढे गेलो हे कबूल करावे लागले आणि आकडा ५,००० वर आला. ओरड करून पदरात पडले ते एवढेच. दहा वर्षांत आकडा दुप्पट झालाच. अमेरिकन एअरलाइन्समध्ये २०२२पासून कार्डावरची खरेदीही दर्जात धरली जाते, म्हणजे किराणा भरूनही गोल्डकडे सरकता येते. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५पासून ब्रॉन्झचे माप बदलून पौंडामागे एक गुण, असे ३,५०० गुण केले. अंतराच्या जमान्यात अनायासे मान मिळालेल्या त्या नेवार्क–मुंबईच्या प्रवाशाला आता दोन स्वस्त फेऱ्यांत पाच हजार डॉलरची मजल मारता येत नाही. माप असे का फिरले ते करोनाच्या काळात उघड झाले. २०२०मध्ये कर्ज उभारताना युनायटेडने आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवली आणि तिचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवले. शेअर बाजार तेव्हा अख्ख्या विमान कंपनीलाही तेवढी किंमत देत नव्हता. डेल्टा आणि अमेरिकन यांनीही तोच मार्ग धरला. बँकांना मैल विकणे हा मुख्य धंदा झाल्यावर मोजायचा तो खर्चच.

आणि हे माप कंपनी केव्हाही बदलू शकते. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८मध्ये मागच्या तारखेपासून नियम बदलले तेव्हा सभासद कोर्टात गेले. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार मोडल्याचा दावा करण्यापुरती वाट मोकळी ठेवली. २०१४मधल्या ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ निकालाने ती आणखी अरुंद केली. फार तक्रारी करतो म्हणून कंपनीने वरच्या दर्जाच्या एका सभासदाचे सभासदत्वच काढून घेतले होते. त्याने सचोटीच्या गर्भित कर्तव्याचा आधार घेतला. न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की १९७८च्या मुक्ततेच्या कायद्यापुढे तो दावा टिकत नाही. वरच्या पायरीवरच्या माणसाची ही कथा, तर खालच्याने कशाच्या भरवशावर चार वर्षांची आखणी करायची?

भारतात हा भरवसा दोनदा तर कंपनीसकट बुडाला. किंगफिशरची उड्डाणे २०१२च्या ऑक्टोबरमध्ये थांबली, ‘किंग क्लब’ तिच्याबरोबर गेला. जेट एअरवेजच्या जेटप्रिव्हिलेजमध्ये ब्लूच्या वर आणि सिल्व्हरच्या खाली ‘ब्लू प्लस’ अशी खास पायरी होती. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेटचे शेवटचे विमान उतरले. योजना २०१४पासून वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे साठवलेले मैल वाचले आणि ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाखाली इतरत्र वापरता आले. ब्लू प्लस असो की प्लॅटिनम, दर्जाला मात्र जेटच्या काउंटरखेरीज जागा नव्हती आणि ते काउंटरच बंद झाले होते. याच सुमारास इंडिगो बिनकार्डाची वाढत होती. ऑगस्ट २००६मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने अठरा वर्षे मैल मोजणारा क्लब काढला नाही आणि तरीही देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा मिळवला. आपल्या खिशातून तिकीट काढणारा भारतीय प्रवासी भाडे आणि वेळ पाहतो, पायऱ्या पाहत नाही, हे त्या अठरा वर्षांनी कुठल्याही पाहणीपेक्षा चांगले दाखवले. अखेर ‘ब्लूचिप’ नावाची योजना २०२४मध्ये आली, तीही पायऱ्यांसह. त्याच नोव्हेंबरात इंडिगोने दिल्ली–मुंबई मार्गावर रुंद आसनांचा बिझनेस वर्ग सुरू केला, आणि जुलै २०२५मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमची लांब पल्ल्याची विमाने. ज्याचे तिकीट कचेरी काढते त्या प्रवाशाची गरज पडली, तेव्हाच क्लबाचे दार उघडले गेले.